विश्लेषण : भर समुद्रात सुकाणू निकामी झाले तर काय करतात?

निवडणूक असो, आंदोलन असो की गावची यात्रा, पहिल्याच बैठकीत एक ‘सुकाणू समिती’ नेमली जाते. सुकाणू हा शब्द आपण रोज वापरतो, पण खरे सुकाणू पाहिलेले फार थोडे. नांदगाव तालुक्यासारख्या समुद्रापासून दूरच्या, पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या भागात तर त्याचा संबंध येण्याचे कारणच नाही, असे वाटू शकते. पण नांदगावच्या स्थानकावरून मुंबईची गाडी पकडणारे अनेक जण गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीची लेणी किंवा अलिबाग पाहायला बोटीत बसतात. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात झालेल्या ‘नीलकमल’ बोटीच्या अपघातातील मृतांमध्ये नाशिक जिल्ह्यातील एकाच कुटुंबातील तिघे होते. पाण्यावर एखाद्या नौकेचे नियंत्रण सुटते तेव्हा काय होते, हे त्या दिवशी जिल्ह्याने जवळून पाहिले.

किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, आजूबाजूला फक्त पाणी असताना नौकेचे सुकाणू काम करेनासे झाले तर खलाशी काय करतात? भारतीय नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवर असा प्रसंग येऊन गेला आहे. त्यातून सुटण्याचे मार्ग कोणते, दोन सांगाड्यांच्या कॅटामरान नौकेला कोणता जादा फायदा मिळतो आणि प्रवासी म्हणून आपल्याला यातून काय घेता येईल, ते पाहू.

सुकाणू नेमके काय करते?

नौकेच्या मागच्या टोकाला पाण्याखाली एक उभी फळी असते. तीच सुकाणू. ती डावीकडे-उजवीकडे वळवता येते. नौका पुढे जात असताना पाणी या फळीवर आदळते, मागचा भाग एका बाजूला ढकलला जातो आणि पुढचे टोक विरुद्ध बाजूला वळते. म्हणजे मोटार पुढच्या चाकांनी वळते, तर नौका शेपटीकडून वळते.

यातच एक मर्यादा आहे. सुकाणूजवळून पाणी वाहत असेल तरच ते काम करते. नौका थांबलेली असेल तर चक्र कितीही फिरवा, नौका वळत नाही. दुसरी अडचण ब्रेकची. रस्त्यावर ट्रॅक्टरचे स्टीअरिंग निकामी झाले तर ब्रेक दाबून तो बाजूला उभा करता येतो. समुद्रात ब्रेक नाही आणि ‘बाजू’ही नाही. इंजिन बंद केले, शिडे उतरवली, तरी वारा, लाटा आणि प्रवाह नौकेला ढकलतच राहतात. मोठ्या लाटांत सुकाणू नसलेली नौका लाटांना आडवी होते आणि हीच तिची सर्वांत वाईट अवस्था असते. प्रत्येक लाट तेव्हा तिच्या बगलेवर आदळते.

बिघाड कुठे कुठे होऊ शकतो?

चक्र फिरवणारा हात आणि पाण्यातील फळी यांच्यामध्ये एक लांबलचक साखळी असते. चक्राला जोडलेली चेन, त्यापुढे पोलादी तारा किंवा तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक नळी, मग सुकाणूच्या दांड्यावर बसवलेला अर्धगोलाकार भाग, मग तो दांडा आणि शेवटी फळी. शिवाय ‘ऑटोपायलट’ म्हणजे आपोआप दिशा राखणारी यंत्रणा याच साखळीला कुठेतरी जोडलेली असते.

यातले काहीही तुटू शकते. तार झिजून तुटते, हायड्रॉलिकचे तेल गळते, एखादा बोल्ट सैल होतो, ऑटोपायलटची मोटर अडकून चक्रच जाम करते. तरंगते लाकूड, हरवलेले जाळे किंवा जहाजावरून पडलेला कंटेनर यांना धडकून फळी वाकते किंवा मोडते. युरोपात स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत 2020 पासून एक नवेच संकट आले आहे. तेथील ऑर्का जातीचे सागरी प्राणी शिडाच्या नौकांच्या सुकाणूला धडका देतात, ते मोडतात. अशा घटनांत काही नौका बुडाल्याही आहेत.

बिघाड साखळीच्या कोणत्या कडीत आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. तार तुटली तर ती प्रवासातच बदलता येते. फळीच गळून पडली तर मात्र दुसराच मार्ग शोधावा लागतो.

‘तारिणी’बाबत काय घडले होते?

‘तारिणी’ ही गोव्यात बांधलेली, सुमारे 55 फूट लांबीची, एकाच सांगाड्याची शिडाची नौका. दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने ती बांधली आणि फेब्रुवारी 2017 मध्ये ती नौदलात दाखल झाली. याच शिपयार्डने आधी बांधलेल्या ‘म्हादेई’वरून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

10 सप्टेंबर 2017 रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’तून गोव्याहून निघाल्या. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ले आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन असे थांबे ठरलेले होते. दक्षिण महासागरातील वादळे आणि केप हॉर्न पार करून मार्च 2018 मध्ये त्या केप टाऊनहून परतीला लागल्या. आता थेट गोवा, असा बेत होता. पण हिंदी महासागरात नौकेच्या स्टीअरिंग व्यवस्थेत बिघाड झाला. तेव्हा त्यांनी मार्ग बदलून मॉरिशसचे पोर्ट लुई बंदर गाठले, एप्रिलमध्ये तिथे दुरुस्ती करून घेतली आणि मग गोव्याचा रस्ता धरला. 21 मे 2018 रोजी ‘तारिणी’ गोव्यात पोहोचली. एकूण प्रवास सुमारे 21,600 सागरी मैलांचा होता. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, त्या हिशेबाने सुमारे 40 हजार किलोमीटर.

यादीत नसलेले एक बंदर वाढले, घरी पोहोचायला उशीर झाला, पण सहाही जणी आणि नौका सुखरूप परतल्या. वेळापत्रक मोडण्याची तयारी ठेवणे हा सुकाणूच्या बिघाडावरचा पहिला उपाय असतो, तो असा. ‘तारिणी’ने नंतर दुसरी प्रदक्षिणाही केली. 2 ऑक्टोबर 2024 रोजी गोव्याहून निघालेल्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच अधिकारी तिच्यातून 29 मे 2025 रोजी परतल्या.

पहिल्या दहा मिनिटांत काय करतात?

चक्र हातात फिरते आहे, पण नौका ऐकत नाही, हे लक्षात येताच चार गोष्टी जवळपास एकाच वेळी कराव्या लागतात.

पहिली, वेग कमी करणे. शिडे लहान करतात किंवा उतरवतात. वेग जितका कमी, तितका ताबा सुटलेल्या नौकेचा धोका कमी. किनारा किंवा खडक जवळ असतील आणि वारा तिकडेच ढकलत असेल, तर खोली पाहून नांगर टाकतात. खुल्या समुद्रात मात्र वेळ हाताशी असतो. म्हणूनच अनुभवी खलाशी जमिनीपेक्षा खोल पाण्याला जास्त सुरक्षित मानतात.

दुसरी, ऑटोपायलट बंद करून पाहणे. अनेकदा सुकाणू ठीक असते, यंत्रणाच अडकलेली असते.

तिसरी, पाणी आत येते आहे का ते पाहणे. सुकाणूचा दांडा नौकेच्या तळातील छिद्रातून खाली गेलेला असतो. फळीला जोरात धडक बसली असेल तर त्या छिद्राजवळ तडा जाऊ शकतो. सुकाणू गेले तर नौका तरंगत राहते, पाणी भरले तर ती बुडते. त्यामुळे हे आधी तपासायचे.

चौथी, इतरांना कळवणे. आपल्यावर ताबा नाही हे जवळच्या जहाजांना कळले पाहिजे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अशी नौका दिवसा एकाखाली एक दोन काळे गोळे टांगते आणि रात्री दोन लाल दिवे लावते. धुक्यात एक लांब आणि दोन आखूड भोंगे वाजवते. ‘मी वाट देऊ शकत नाही, तुम्ही दूर राहा’ एवढाच त्याचा अर्थ.

यानंतर मागचे झाकण उघडून साखळीची एक-एक कडी तपासली जाते.

‘इमर्जन्सी टिलर’ म्हणजे काय?

टिलर म्हणजे सुकाणू फिरवण्याचा साधा दांडा. लहान होड्यांवर चक्र नसते, हाच दांडा असतो. चक्र असलेल्या नौकांवरही एक सुटा दांडा ठेवलेला असतो. मधली चेन, तारा, हायड्रॉलिक सगळे गेले, तरी सुकाणूच्या दांड्याच्या वरच्या टोकावर तो थेट बसवून हातांनी नौका वळवता येते.

उपाय साधा वाटतो, पण अडचणी नेमक्या वेळी कळतात. दांडा ठेवलेल्या कप्प्यावर दोरखंडांचा ढीग असतो. झाकणाचा स्क्रू गंजलेला असतो. दांडा इतका आखूड असतो की लाटांत एका माणसाच्या ताकदीने वळत नाही, मग त्याला दोर बांधून कप्पीने ओढावे लागते. त्यात बसल्या जागेवरून समोरचे काही दिसत नाही, म्हणून दुसरा माणूस ओरडून दिशा सांगतो. हे सगळे बंदरात, शांत पाण्यात एकदा करून पाहिलेले असेल, तर वादळात ते जमण्याची शक्यता असते. हायड्रॉलिक व्यवस्था असेल तर तिची झडप उघडून तेलाला वाट द्यावी लागते, नाहीतर दांडा हलतच नाही. ती झडप कुठे आहे, हे आधीच माहीत असावे लागते.

कॅटामरान नौकेचे गणित वेगळे का?

कॅटामरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून जगभर गेला. बांधलेली लाकडे असा त्याचा अर्थ. आजची कॅटामरान म्हणजे दोन अरुंद सांगाडे आणि त्यांना जोडणारा मधला मंच, जणू एका जुवाखाली चालणारी बैलजोडी. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्यांनी अशी बोट पाहिलेली असते. जगभर लांब पल्ल्याच्या हौशी प्रवासासाठीही ती लोकप्रिय झाली आहे.

बहुतेक मोठ्या कॅटामरानला दोन सुकाणू असतात, प्रत्येक सांगाड्यामागे एक. एक मोडले तरी दुसरे काम करते, हा मोठा फायदा. पण दोन्ही सुकाणू एका आडव्या दांड्याने जोडलेले असतात. एक वाकून अडकले तर ते दुसऱ्यालाही अडकवते. म्हणून तो जोडदांडा काढून खराब सुकाणू वेगळे करणे हे कॅटामरानवरचे पहिले काम. ते अडकलेले सुकाणू सरळ रेषेत आणून बांधले, तर उरलेल्या सुकाणूवर पुढचा प्रवास करता येतो.

दुसरा फायदा इंजिनांचा. दोन सांगाड्यांत दोन इंजिने असतात आणि त्यांच्यात बरेच अंतर असते. साधारण 42 फुटी कॅटामरानची रुंदी 20 ते 23 फूट असते. शेतात तास संपल्यावर ट्रॅक्टर वळवताना चालक काय करतो ते आठवा. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडले असतात. डावीकडे वळायचे तर डाव्या चाकाचा ब्रेक दाबायचा, उजवे चाक फिरत राहते आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. कॅटामरानवर हेच इंजिनांनी होते. उजवे इंजिन पुढे, डावे बंद किंवा मागे, की नौका डावीकडे वळते. सुकाणू नसतानाही बंदरात शिरता येते.

पण भर समुद्रात डिझेल मर्यादित असते. हजार मैल फक्त इंजिनांच्या जोरावर जाता येत नाही. मोठ्या लाटांत पंखा मधूनच पाण्याबाहेर येतो, तेव्हा तो उपायही तोकडा पडतो. आणखी एक फरक महत्त्वाचा. एकाच सांगाड्याच्या नौकेला खाली जड वजन असते, त्यामुळे ती कलंडली तरी बहुधा पुन्हा सरळ होते. कॅटामरान उलटली तर आपोआप सरळ होत नाही, उलटी तरंगत राहते. म्हणून तिला लाटांसमोर आडवी होऊ न देणे जास्त महत्त्वाचे.

सुकाणूच उरले नसेल तर?

अशा वेळी दोन जुने उपाय कामी येतात.

पहिला शिडांचा. वारा पुढच्या शिडात भरला की नौकेचे पुढचे टोक वाऱ्यापासून दूर ढकलले जाते. मागच्या मोठ्या शिडात भरला की टोक वाऱ्याकडे वळते. दोन्ही शिडे कमी-जास्त करून, त्यांचे दोर ढिले-घट्ट करून नौका एका दिशेने नेता येते. हे काम संथ असते, सतत लक्ष द्यावे लागते, पण ते होते.

दुसरा उपाय ‘ड्रोग’चा. ड्रोग म्हणजे जाड कापडाचा शंकूसारखा किंवा छोट्या छत्रीसारखा पट्टा, जो दोराने नौकेच्या मागे पाण्यात ओढत नेतात. तो पाणी अडवतो आणि नौकेला मागे खेचतो. हा दोर मागच्या दोन्ही कोपऱ्यांना दोन फाट्यांनी बांधतात. आता बैलगाडीचा कासरा डोळ्यांसमोर आणा. डावा कासरा ओढला की गाडी डावीकडे वळते. ड्रोगचा डावा फाटा आखूड केला की ओढ डाव्या बाजूला येते, ती बाजू मंदावते आणि नौका डावीकडे वळते. कॅटामरान रुंद असल्याने तिच्यावर हा उपाय जास्त परिणाम करतो. तयार ड्रोग नसेल तर जुने टायर, साखळी, दोरांचे भेंडोळे असे काहीही जड बांधून वापरतात.

याने वेग घटतो, पण त्याचाही फायदाच होतो. नौकेची शेपटी लाटांकडे राहते, ती आडवी होत नाही. वादळ फारच वाढले तर मोठी समुद्री छत्री पुढच्या टोकावरून सोडून, तोंड वाऱ्याकडे ठेवून वादळ सरेपर्यंत थांबतात.

दारातून सुकाणू बनते?

बनते, पण वाटते तितके सोपे नाही. शिडाचा लांब दांडा मागे वल्ह्यासारखा बांधायचा आणि त्याच्या टोकाला कपाटाचे दार किंवा फळी बोल्टने बसवायची, हा तात्पुरत्या सुकाणूचा जुना प्रकार आहे. वाहत्या पाण्याचा जोर प्रचंड असतो, त्यामुळे बांधणी सैल राहिली तर ती तासाभरात सुटते.

अभिलाष टॉमी यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने, जुन्या पद्धतीच्या साधनांनी करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत 2018 मध्ये त्यांच्या ‘थुरिया’ नौकेची डोलकाठी वादळात मोडली. पाठीला गंभीर दुखापत झाली आणि फ्रान्सच्या गस्ती जहाजाने त्यांची सुटका केली. 2022 मध्ये ते पुन्हा शर्यतीत उतरले. त्यात वाऱ्याच्या दिशेनुसार आपोआप सुकाणू सांभाळणाऱ्या ‘विंडव्हेन’ यंत्रणेने त्यांना त्रास दिला. तेव्हा शौचालयाच्या दाराचे लाकूड वापरून त्यांनी तिच्यासाठी पाते तयार केले. 29 एप्रिल 2023 रोजी ते फ्रान्समध्ये पोहोचले आणि शर्यतीत दुसरे आले. एकट्या माणसाला दिवसरात्र चक्र धरून बसता येत नाही. दिशा राखणारी यंत्रणा गेली की झोप जाते, झोप गेली की चुका होतात. त्या दाराचे मोल यात होते.

मदत कधी मागायची आणि नौका कधी सोडायची?

रेडिओवर दोन वेगळ्या हाका असतात. ‘मेडे’ तीनदा उच्चारला तर जिवाला तातडीचा धोका आहे. ‘पॅन पॅन’ तीनदा उच्चारले तर अडचण गंभीर आहे, पण जीव लगेच धोक्यात नाही. फक्त सुकाणू गेले, नौका कोरडी आहे, किनारा दूर आहे, तर बहुधा ‘पॅन पॅन’ पुरते. आत पाणी येत असेल किंवा खडक जवळ येत असतील तर ‘मेडे’. ही हाक व्हीएचएफ रेडिओच्या 16 क्रमांकाच्या चॅनेलवर दिली जाते. नौकेचे नाव, ठिकाण, बिघाड आणि माणसांची संख्या एवढे सांगायचे. हा रेडिओ साधारण नजरेच्या टप्प्यातच चालतो, म्हणून दूरच्या प्रवासात उपग्रह फोन आणि ‘ईपर्ब’ नावाचे उपग्रहाला ठिकाण कळवणारे उपकरण असते. भारतात समुद्रातील शोध आणि बचावाचे काम तटरक्षक दल पाहते. त्याचा मदत क्रमांक 1554 आहे.

सगळे उपाय करूनही कधी हार मानावी लागते. जानेवारी 2014 मध्ये ‘बी गुड टू’ नावाची नवी 42 फुटी कॅटामरान न्यूयॉर्क परिसरातून कॅरिबियन बेटांकडे निघाली होती. हिवाळी अटलांटिकमध्ये तिची दोन्ही सुकाणू निकामी झाली, इंजिनांनीही साथ सोडली. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून सुमारे 300 मैलांवर अमेरिकी तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने चौघांना उचलले. नौका तशीच सोडून द्यावी लागली. एका सुकाणूला पर्याय दुसरे सुकाणू आणि दोन्हींना पर्याय इंजिने, हे कॅटामरानचे बळ. पण एकाच वादळाने तिन्ही गोष्टी हिरावल्या तर काय, हा प्रश्न या घटनेने पुढे आणला.

माणूस वाचवणे आधी, नौका नंतर, हा नियम सगळीकडे सारखा आहे. तरीही नौका तरंगत असताना घाईने ती सोडू नये, असेही शिकवले जाते. मोठ्या नौकेवरून छोट्या रबरी तराफ्यावर उतरणे हे स्वतःच एक संकट असते.

मोठ्या जहाजांनाही हा धोका असतो का?

असतो आणि तिथे परिणाम प्रचंड होतात. 16 मार्च 1978 रोजी ‘अमोको कॅडिझ’ या तेलवाहू जहाजाचे हायड्रॉलिक सुकाणू फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ निकामी झाले. ओढण्यासाठी आलेल्या टगचा दोर तुटला. वारा किनाऱ्याकडे होता. रात्री जहाज खडकांवर चढले आणि दोन लाख टनांहून अधिक कच्चे तेल समुद्रात गेले. त्यानंतर सुकाणूविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. आज जहाजाला मुख्य यंत्रणेसोबत पर्यायी यंत्रणा असावीच लागते. मुख्य यंत्रणेने सुकाणू एका बाजूच्या 35 अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या 30 अंशांपर्यंत 28 सेकंदांत नेले पाहिजे. मोठ्या तेलवाहू जहाजांवर एक बिघाड झाला तर 45 सेकंदांत ताबा परत मिळाला पाहिजे. बंदर सोडण्याआधी 12 तासांच्या आत सुकाणूची चाचणी आणि दर तीन महिन्यांनी आपत्कालीन सराव बंधनकारक आहे.

तरीही 26 मार्च 2024 रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरात ‘डाली’ या कंटेनर जहाजाची वीज गेली. विजेबरोबर ताबाही गेला आणि जहाज पुलाच्या खांबावर आदळले. पूल कोसळून सहा कामगारांचा मृत्यू झाला. जहाजावरील बहुतेक खलाशी भारतीय होते. धडकेपूर्वी काही मिनिटे त्यांच्या जहाजावरून ‘मेडे’ गेला होता, त्यामुळे पोलिसांना पुलावरील वाहतूक थांबवता आली आणि अनेकांचे प्राण वाचले. चौकशीत वीज जाण्याचे मूळ एका सैल वायरीत सापडले.

मुंबई बंदरातील प्रवाशांनी काय लक्षात ठेवावे?

‘नीलकमल’चा अपघात सुकाणू तुटून झाला नव्हता. इंजिनाची चाचणी सुरू असताना नौदलाच्या वेगवान बोटीवरील नियंत्रण सुटले आणि ती घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली. इंजिनातील बिघाडामुळे नियंत्रण सुटल्याचे नौदलाने तेव्हा सांगितले होते. अपघातात एकूण 15 जणांचा जीव गेला. पण प्रश्न तोच आहे. गर्दीच्या पाण्यात ताबा सुटलेल्या नौकेला वेळ मिळत नाही. हिंदी महासागरात ‘तारिणी’कडे विचार करायला दिवस होते, मुंबई बंदरात काही सेकंद होते. म्हणून खुल्या समुद्रात खलाशाचे कौशल्य वाचवते आणि बंदरात आधी घेतलेली काळजी. वेगमर्यादा, चाचण्यांसाठी वेगळी जागा आणि अंगावर असलेले लाइफ जॅकेट ही ती काळजी.

या अपघातानंतर गेटवेवरील बोटींत लाइफ जॅकेट सक्तीचे करण्यात आले. सक्ती किती टिकते, ते प्रवाशांवरही अवलंबून आहे. बोटीत बसताच जॅकेट मागा आणि पट्टे आवळून घाला, नुसते मांडीवर ठेवू नका. लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचे आहे का ते विचारा. बोट क्षमतेपेक्षा जास्त भरलेली दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहा. फोटोसाठी सगळे एका बाजूला जाऊ नका. काही बिघडल्यासारखे वाटले तर उठून धावू नका, बसून राहा आणि खलाशी सांगतील ते ऐका. मोबाइलमध्ये 1554 हा क्रमांक आधीच जतन करून ठेवा.

मग सगळ्यात महत्त्वाचे काय?

सुकाणू निकामी होणे हा प्राणघातक बिघाड क्वचितच असतो. त्यानंतरची घाई, अडकलेले झाकण, न सापडलेला दांडा आणि न दिलेली हाक या गोष्टी तो प्राणघातक करतात. वेग कमी करा, कुठली कडी तुटली ते शोधा, दुसऱ्या मार्गाने वळवा, आसपासच्यांना कळवा आणि ठरलेले बंदर सोडून जवळचे बंदर गाठायची लाज बाळगू नका. ‘तारिणी’ने केले ते एवढेच. आणि यातली प्रत्येक गोष्ट समुद्रात जाण्याआधी, काठावर असतानाच शिकून ठेवावी लागते.